राजकीय कल मोजणाऱ्या चाचण्या : तुमचा ठिपका कुठे पडला?

उंबरठा
पोलिटिकल कंपास ही चाचणी इथे बहुतेकांना माहीत असेल. २००१ पासून जालावर आहे. ६२ विधानं आणि प्रत्येकाला चारच पर्याय: ठाम असहमत, असहमत, सहमत, ठाम सहमत. 'माहीत नाही' म्हणून सुटायची सोय नाही. शेवटी एका मोठ्या चौकोनात आपला ठिपका मिळतो. आडवा अक्ष आर्थिक: डावीकडे अर्थव्यवस्थेवर समाजाचं किंवा सरकारचं नियंत्रण, उजवीकडे खुला बाजार. उभा अक्ष सामाजिक: वरच्या टोकाला अधिकारशाही, खालच्या टोकाला व्यक्तिस्वातंत्र्य. दोन्हीकडे -१० ते +१०.

माझा निकाल: आर्थिक -२.३८, सामाजिक -३.४४. धाकट्या भावाचा ठिपका जवळजवळ त्यावरच, अर्ध्या गुणाचाही फरक नाही. आता गंमत अशी की आम्हा दोघांचं राजकारणावरून आजवर कधी जमलेलं नाही. आई म्हणते, तुम्ही एकमेकांचं मत वाया घालवायलाच मतदानाला जाता. उलट माझी एक मैत्रीण पार उजव्या कोपऱ्यात निघाली, आणि तिच्याशी या विषयावर वाजल्याचं मला तरी आठवत नाही.

तर, तुमचा ठिपका कुठे पडला आणि तो तुम्हाला पटला का? आणि दोघांचे ठिपके शेजारी पडले म्हणजे त्यांच्यात नक्की काय सारखं असतं?

(पक्षांची नावं घेऊन हाणामारी नको. त्यासाठी बाकीचे धागे ओसंडून वाहताहेत.)

चक्रमादित्य
आर्थिक -४.७५, सामाजिक -५.६४. गांधी आणि मंडेलांच्या शेजारी! मोठ्या अभिमानानं बायकोला दाखवलं. "टीव्हीचा रिमोट कुणाकडे असतो ते विचारत नाहीत वाटतं यात," एवढंच म्हणाली.

मागचा बाक
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आधी वहिनींचा निकाल टाका.

उलटतपासणी
चक्रमादित्य, शेजाऱ्यांवर फार भाळू नका. गांधींनी ती ६२ विधानं कधी सोडवली? स्टॅलिन वर डावीकडे, थॅचर वर उजवीकडे, खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ फ्रीडमन खाली उजवीकडे, हे सगळे ठिपके चाचणी चालवणाऱ्यांनी त्या त्या माणसाच्या भूमिका आणि कारभार पाहून स्वतः ठेवलेत. तुमचा ठिपका तुमच्या उत्तरांवरून, त्यांचा तिसऱ्याच कुणाच्या अंदाजावरून. अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांचे नकाशेही हीच मंडळी काढतात. २०१२ साली ओबामा आणि रॉम्नी दोघेही वर उजवीकडे, २०२० साली बायडन आणि ट्रम्पही त्याच चौकोनात.

ठाम असहमत
मग काय बिघडलं? सगळ्या जगातले पक्ष एकाच नकाशावर मांडले तर ते दोघे शेजारीच दिसणार. तुम्ही जवळून बघता म्हणून तुम्हाला त्यांच्यात दरी दिसते.

मागचा बाक
आयडी सार्थकी लावलात.

ठाम असहमत
असहमत.

तळटीप
मी निकालापेक्षा विधानं वाचण्यात जास्त रमलो. पहिलंच घ्या. आर्थिक जागतिकीकरण अटळ असेल तर त्यातून मुख्यतः मानवजातीचं भलं व्हावं, बहुराष्ट्रीय कंपन्यांचं नव्हे, अशा अर्थाचं ते आहे. याला 'असहमत' कोण म्हणेल? खुल्या व्यापाराच्या समर्थकाचं म्हणणंच असं असतं की कंपन्या नफ्यासाठी धडपडतात त्यातूनच माणसांचं भलं होतं. त्याला ही दोन टोकंच मान्य नाहीत. पण 'सहमत' म्हटलं तर त्याची जमा डाव्या खात्यात, आणि 'असहमत' म्हटलं तर तो मानवजातीचा वैरी!

दुसरी खोड म्हणजे एका वाक्यात दोन गोष्टी कोंबणं. कंपन्या आपणहून पर्यावरण जपतील असा भरवसा नाही, म्हणून त्यांच्यावर नियमन हवं. मला भरवसा अजिबात नाही, पण नियमांच्या जंत्रीपेक्षा प्रदूषणावर कर लावणं बरं वाटतं. पहिल्या अर्ध्याला ठाम सहमत, दुसऱ्या अर्ध्याबद्दल कुरकूर. टिचकी मात्र एकच मारायची.

आणि काही विधानांचा राजकारणाशी काय संबंध तेच कळत नाही. फलज्योतिषातून बऱ्याच गोष्टींचा अचूक उलगडा होतो. ज्या अमूर्त चित्रात काही ओळखू येत नाही ती कलाच नव्हे. मुलांनी आईवडिलांपासून काही गोष्टी लपवणं स्वाभाविक आहे. माझ्या ठिपक्यात ज्योतिषाचा वाटा किती, हे कुणी सांगेल का?

काजवा
तळटीप, ज्योतिष उगाच आलेलं नाही. त्याची वंशावळ जुनी आहे. १९५० मध्ये अडोर्नो हा तत्त्वज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अधिकारशाहीकडे झुकणारी वृत्ती मोजायला 'एफ-स्केल' नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. एफ म्हणजे फॅसिझम. तिच्यात ज्योतिषाबद्दलचं विधान होतं. कल्पना अशी की जो माणूस नशीब, गूढ शक्ती यांच्यावर हवाला ठेवतो तो कणखर नेत्यापुढेही लवकर मान तुकवतो. पटो न पटो, विधान तिथे का आलं असावं याचा अंदाज येतो. दोन अक्षांची कल्पनाही तेवढीच जुनी, आयसेंक या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलेली.

त्या एफ-स्केलची फजिती मात्र वाचण्यासारखी आहे. जवळजवळ सगळी विधानं एकाच दिशेची होती. 'सहमत' म्हटलं की फॅसिझमचे गुण वाढले. काही माणसांना मुळात कशालाही 'हो' म्हणायची सवय असते. ते सगळे बिचारे हुकूमशाहीवादी ठरले!

मागचा बाक
म्हणजे आमचे साहेब सोडून अख्खं ऑफिस.

जुनं खोड
डावे-उजवे या शब्दांचा उगम तरुण मंडळींना माहीत असेलच. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि विरोधक डाव्या. बसायच्या जागेवरून पडलेलं नाव अजून चालतंय.

मी काल नातवाच्या मदतीने ही चाचणी दिली. आर्थिक ०.१३, सामाजिक -०.२१. म्हणजे बरोबर मध्यभागी. आयुष्यभर मी हेच सांगत आलो, कुणी ऐकत नव्हतं.

उलटतपासणी
काका, अभिनंदन. पण मध्य कुणाचा?

जुनं खोड
मध्य म्हणजे मध्य. शून्य.

प्रमाणविचलन
काका, उलटतपासणी यांचा प्रश्न रास्त आहे. ते शून्य म्हणजे सगळ्या लोकांची सरासरी नव्हे. कुठल्या उत्तराला किती गुण, हे त्या चाचणीवाल्यांनी जाहीर केलेलं नाही, त्यामुळे शून्य कुठे ठेवायचं ते त्यांनी ठरवलं आणि आपण आपलं अंतर त्यापासून मोजतो. आणि मोजतो तेही दोन दशांश स्थळांपर्यंत! चार पर्यायांतून टिचक्या मारून आलेल्या आकड्याला ही ऐट शोभत नाही.

शब्दरचनेनं किती फरक पडतो याचं एक जुनं उदाहरण देतो. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रग नावाच्या संशोधकाने एकसारख्या दोन गटांना एकच गोष्ट दोन तऱ्हांनी विचारली. लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का? ७५ टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? 'हो, घालावी' म्हणणारे ५४ टक्केच निघाले. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांत व्यवहारात काय फरक आहे? पण बंदी म्हटलं की माणूस बिचकतो. आता विचार करा, ६२ विधानांपैकी निम्म्यांचा नुसता सूर बदलला तर काकांचा ठिपका मध्यावर राहील का?

जुनं खोड
राहील. मी सूर ऐकून मत बदलत नाही.

चक्रमादित्य
काका रॉक्स!

नवखी वाट
पहिल्यांदाच लिहितेय. मी 'जगातली सर्वांत छोटी राजकीय चाचणी' म्हणतात ती दिली. दहाच प्रश्न, पाच व्यक्तिगत स्वातंत्र्याचे आणि पाच आर्थिक. माझी उत्तरं बहुतेक सगळीकडे 'कदाचित' होती, तर मी मध्यममार्गी निघाले. मला खरं तर त्यातलं निम्मं कळलं नव्हतं. :(

प्रमाणविचलन
स्वागत. त्यात काही गूढ नाही. सहमतला २० गुण, कदाचितला १०, असहमतला शून्य. सगळीकडे 'कदाचित' म्हटलं की दोन्ही बाजूंना ५०, ठिपका बरोबर मध्ये. 'विचारपूर्वक मध्यममार्गी' आणि 'प्रश्नच कळला नाही' हे दोघे त्या चाचणीला सारखेच दिसतात. पोलिटिकल कंपासने मधला पर्याय ठेवला नाही त्यामागे कदाचित हीच अडचण असेल. पण मग न कळलेल्या प्रश्नालाही मत द्यावं लागतं. इकडे आड तिकडे विहीर.

उलटतपासणी
आणि त्या छोट्या चाचणीचा आराखडा कुणाचा ते बघा. डेव्हिड नोलन. अमेरिकेतल्या लिबर्टेरियन (म्हणजे सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणाऱ्या) पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. त्या आराखड्यावर ही चाचणी १९८७ मध्ये एका स्वातंत्र्यवादी प्रचारसंस्थेने बेतली. तिचा नकाशा शंकरपाळ्यासारखा उभा असतो आणि सगळ्यात वरच्या टोकाला कोण? लिबर्टेरियन. माणसाला आपण शिखराजवळ आहोत असं दाखवलं की पुढचं पत्रक तो आपसूक वाचतो.

ठाम असहमत
म्हणजे चाचणी बनवणाऱ्याला मत असूच नये? बिनमताचा माणूस प्रश्न काढेल तरी कसे?

उलटतपासणी
मत असावं. ते निकालाच्या पानावर लिहिलेलं असावं.

ठाम असहमत
... यावर सहमत. (कुणी स्क्रीनशॉट काढू नये.)

मागचा बाक
काढला.

वाटसरू
माझी तक्रार वेगळी. या चाचण्या बनल्या तिकडच्या भांडणांवर. कंपासमध्ये माणसांत राष्ट्रीयत्वापेक्षा वर्गाने जास्त फूट पडते का, हे विचारतात. वर्ग आहे, जातीचा मागमूस नाही. त्यामुळे ज्यांच्यात रोज खडाजंगी होते असे लोकही त्या नकाशावर गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. उंबरठा, तुमच्या कोड्याचं निम्मं उत्तर इथेच असेल. भांडण ज्या अक्षावर आहे तो अक्ष नकाशात नसेल.

मी '८ व्हॅल्यूज' देऊन पाहिली. तिथे चार अक्ष आहेत: समता की बाजार, राष्ट्र की जग, स्वातंत्र्य की सत्ता, परंपरा की प्रगती. ७० विधानं, तटस्थ राहायची मुभा. थोडी बरी. पण शेवटी 'आपण अमुकवादी' असं बिरूद चिकटवतात. माझ्या वाट्याला आलेला वाद मी आधी कधी ऐकलाही नव्हता. दोन दिवस त्याबद्दल वाचत बसलो आणि हळूहळू पटायला लागला. हे धोकादायक आहे.

दुपारची झोप
वाटसरू, शेवटचं वाक्य गमतीत लिहिलंत, पण यावर प्रयोग झालाय. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० च्या निवडणुकीआधी लोकांकडून राजकीय प्रश्नावली भरून घेतली. भरता भरता हातचलाखी केली. काही उत्तरं गुपचूप विरुद्ध गटाच्या बाजूची करून ठेवली आणि मग त्याच माणसाला, 'तुम्ही असं का म्हणालात' विचारलं. बदललेल्या उत्तरांपैकी फार तर २२ टक्के उत्तरं लोकांच्या लक्षात आली. उरलेल्यांवर माणसं स्वतःचीच समजून कारणं देत बसली, तीही चांगली सविस्तर. शेवटी एकूण कल दाखवला तेव्हा ९२ टक्के लोकांनी तो फिरवलेला निकाल आपलाच म्हणून मान्य केला.

मला यातलं 'लोक मूर्ख असतात' हे तात्पर्य पटत नाही. मला वाटतं, छापील निकाल समोर आला की आपण त्याच्याकडे आरशासारखं बघतो, आणि आरशाशी कुणी वाद घालत नाही. आमच्या कार्यालयातल्या ग्रुपवर एकाने घाईत दुसऱ्याचाच नकाशा आपला म्हणून टाकला. 'आपण आर्थिक बाबतीत उजवे का' यावर त्याचे तीन परिच्छेद लिहून झाले होते. मूळ मालकाने नकाशा ओळखला, तेव्हा कुठे उलगडा झाला. परिच्छेद मात्र मुद्देसूद होते, हे मान्य करावंच लागेल.

चक्रमादित्य
आता मला माझ्या गांधींचा संशय यायला लागलाय.

काजवा
दुपारची झोप, अगदी. याच्याच जोडीला फोरर या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग. १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्याने विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुमचं' म्हणून वर्णन दिलं. सगळ्यांना एकच! ते किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

मागचा बाक
अवांतर: एवढ्या चाचण्या देताय, पण विदा (डेटा) कुठे जातो ते बघताय का? फेसबुकवरच्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अ‍ॅपमध्ये २ लाख ७० हजारांच्या आसपास लोक शिरले आणि त्यांच्या मित्रयाद्यांतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीच्या हाती लागली असावी, असं २०१८ मध्ये फेसबुकनेच सांगितलं. मी कुठल्याही चाचणीत ईमेल मागितला की खिडकी बंद करतो.

नवखी वाट
बापरे. मी दिला होता.

मागचा बाक
आता पत्रकं वाचा.

तळटीप
आणखी एक अवांतर. हल्ली लोक चॅटबॉटनाही या चाचणीला बसवतात. बरेचसे खाली डावीकडे पडतात, म्हणून आरडाओरडा होतो. पण संशोधकांनी चारांतून एक निवडायची सक्ती काढून मोकळं उत्तर द्यायला सांगितलं तेव्हा तेच बॉट वेगळं बोलायला लागले. मला वाटतं, माणसांचंही तेच होईल.

ठाम असहमत
तुम्ही सगळे मिळून चाचण्यांना झोडपताय, तर मी बाजू घेतो. माझी पुतणी पहिल्यांदा मतदान करणार होती. तिच्याशी चर्चा सुरू केली की "काका, लेक्चर नको". तिने स्वतःहून ही चाचणी दिली आणि रात्री फोन करून विचारलं, एकपक्षीय राजवटीत वाद होत नाहीत म्हणून कामं पटापट होतात, यात चूक काय? तासभर बोललो. ठिपका दोघांनीही नंतर पाहिला नाही. ही करमणूक वाईट कशी?

दुसरं, सगळ्याच चाचण्या सारख्या नसतात. नेदरलँड्समध्ये १९८९ पासून स्टेमवायझर आहे, जर्मनीत २००२ पासून वाल-ओ-माट. जर्मनीतली चाचणी सरकारची राजकीय शिक्षणाची संस्था चालवते. त्यात 'तुम्ही कोण' हे सांगतच नाहीत. त्या निवडणुकीतले ३८ ठोस मुद्दे घेतात, त्यावर पक्षांनी स्वतः दिलेली उत्तरं असतात आणि ती तुमच्या उत्तरांशी ताडून दाखवतात. प्रश्न नको असेल तर सोडता येतो. आणि मुख्य म्हणजे, जो मुद्दा तुम्हाला महत्त्वाचा वाटतो त्याला दुप्पट वजन देता येतं.

उलटतपासणी
ही चांगली आहे, मान्य. तरी तिथेही कोर्टकचेरी झालीच. २०१९ च्या युरोपीय निवडणुकीच्या वेळी एका वेळी आठच पक्षांशी तुलना करता येत होती. छोट्या पक्षांवर अन्याय होतो म्हणून एक पक्ष कोर्टात गेला, आणि कोलोनच्या न्यायालयाने ती थांबवायला लावली. मग तडजोड होऊन परत सुरू झाली.

ठाम असहमत
बघा, लोक कोर्टात जातात इतकी ती महत्त्वाची आहे.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. दुप्पट वजनाचा मुद्दा वाचून काल भावाला बसवला आणि दोघांची उत्तरं ओळीने ताडली. ठिपके शेजारी, पण उत्तरं बघवत नाहीत! सरकारी पाळतीची भीती फक्त गुन्हेगारांना वाटायला हवी, या विधानाला माझं ठाम असहमत, त्याचं सहमत. चांगल्या आईबापांनाही मुलांना कधी कधी चापट मारावी लागते, याला मी सहमत म्हटलं होतं, तो ठाम असहमत. (मार त्याने जास्त खाल्लाय.) अशी बरीच जोडपी निघाली. एकाने मी खाली गेले, दुसऱ्याने तो खाली आला, बेरीज तीच.

मग त्याला विचारलं, यातल्या कुठल्या विधानांवरून तू मत देतोस? त्याने तीन दाखवली, तिन्ही कर आणि नोकऱ्यांची. माझी तीन नागरी हक्कांची. एकही समान नाही. भांडण का होतं ते आता निदान कागदावर आलं. त्या उजव्या मैत्रिणीलाही विचारलं. तिची तीनपैकी दोन माझीच.

प्रमाणविचलन
ही या धाग्यावरची सर्वांत कामाची चाचणी. तीन विधानं निवडा, बाकीची सोडा.

जुनं खोड
मी तीन निवडली. तिन्हींवर माझं मत 'सहमत' आहे, 'ठाम' नाही.

वाटसरू
मग आपणच दहा विधानं लिहू या का? अट एकच: ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा दोघांना तरी विधानाची भाषा मान्य हवी. उलटतपासणी आणि ठाम असहमत, तुम्ही परीक्षक. पहिलं मी टाकतो:

१. सरकारने प्रत्येक नागरिकाला किमान उत्पन्नाची हमी द्यावी.

उलटतपासणी
त्यासाठी कर वाढवावा लागला तरी, हे जोडा. नाहीतर सगळे हो म्हणतील.

ठाम असहमत
कर जोडला की सगळे नाही म्हणतील. आणि 'नागरिक' का? 'रहिवासी' का नाही?

तळटीप
आता तुम्ही एका वाक्यात तीन गोष्टी कोंबताय.

वाटसरू
ठीक. कर वेगळ्या विधानात. 'नागरिक' राहू द्या.

ठाम असहमत
नागरिक राहणार असेल तर मी परीक्षक नाही.